कौल उजवा, भाकरी अडकलेली

देवीवर माझी श्रद्धा आहे, पण त्या दिवसांत तिच्याशी माझं भांडणच चालू होतं. माझ्या आठ वर्षांच्या तनूला रक्ताचा कॅन्सर झाला होता. औषधांनी केस गेले, तोंड आलं, उलट्यांनी पोर गळून गेली, तरी आम्ही निभावलं. आता कुठं रिपोर्ट चांगले यायला लागले, तर हिनं भाकरीच सोडली. घास तोंडात धरून बसायची, शेवटी थुंकायची आणि म्हणायची, "पप्पा, अडकतंय." वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि माझी झोप उडाली.

मी पडलो म्हशीवाला, माझं डोकं सरळ रेषेत चालतं. उकळलेलं दूध ही पोर तांब्याभर पिते, म्हणजे गळा ठणठणीत. पित्ताची गोळी रोज सकाळी मी स्वतःच्या हातानं देतो, म्हणजे जळजळीचाही प्रश्न नाही. मग उरलं काय? नखरे. डॉक्टरबाईंनाही मी तेच सांगितलं, लाडावलीय हो, जेवत नाही. पोरगी अडकतंय म्हणते ते तरी सांगा, असं बायको म्हणत होती. तिला मी गप्प बसवलं.

शेवटी गावदेवीला कौल लावला. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली आणि मी हात जोडून खणखणीत आवाजात विचारलं, पोरीचे नखरे जातील का? उजवं फूल पडलं, म्हणजे होकार, आणि तोही इतक्या झटकन की गुरव दचकला. मी खुशीत घरी आलो आणि तनूला दुप्पट भाकरी वाढली. तिनं आधी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"देवीलाच वाढा की," म्हणाली.

त्याच संध्याकाळी कोल्हापुरात दूध-कट्ट्यावर म्हशी घेऊन उभा होतो. इथं लोक डोळ्यांसमोर धार काढून घेतात आणि फेसासकट दूध उभ्यानंच पितात. हुपरीचे एक म्हातारे गृहस्थ, चांदीची पैंजणं घडवणारे, एसटीला वेळ होता म्हणून आले. त्यांनी न विचारताच मी सगळं रामायण ऐकवलं, देवीसुद्धा माझ्याच बाजूची आहे हेही सांगितलं. त्यांनी मिशीवरचा फेस पुसला आणि ग्लास खाली ठेवला.

"दूध जातंय आनि भाकरी अडकतीया, व्हय? पावणं, मी जल्मभर बारीक भोकातनं चांदीची तार ओढतोय. ह्यो नखरा न्हाय. वाट बारीक झालीया. उद्या डॉक्टरला पोरगी म्हनतीया तसंच सांगा, तिच्या तोंडचं."

एवढं बोलून ते स्टँडकडं निघून गेले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना तनूचा शब्द जसाच्या तसा सांगितला. त्यांनी लगेच पांढरं औषध पाजून फोटो काढला. अन्ननलिका मधेच आवळली होती. मी म्हणालो, अहो, गोळी एक दिवस चुकली नाही. त्या म्हणाल्या, गोळी पित्त कमी करते, पण औषधांनी आणि उलट्यांनी आतून सोलवटलेली नळी भरून येताना कधीकधी गोळी चालू असूनही आवळते, यात तुमची काही चूक नाही. माझी चूक कुठली ते मला ठाऊक होतं. मी बाहेर जाऊन जिन्यात रडलो.

भूल देऊन, आत छोटा फुगा फुगवून त्यांनी वाट रुंद केली. एकदा नाही, तीन वेळा. कॅन्सरचा पुढचा डोस मात्र लांबला नाही. तिसऱ्या खेपेनंतर काही दिवसांनी तनूनं चतकोर भाकरी पांढऱ्या रश्श्यात बुडवून खाल्ली, बोटं चाटली आणि विचारलं, "पप्पा, तुमचे नखरे गेले का?"

ते पाहुणे देवीनं धाडले की एसटीच्या वेळापत्रकानं, मला सांगता येणार नाही. कट्ट्यावर आजही हुपरीचं कुणी आलं की मी चेहरा निरखतो. एवढं मात्र कळलं की मी फुलांकडं डोळे लावून बसलो होतो आणि तीन आठवडे माझ्याच घरात पोर मला सांगत होती.

आता मी कौल लावत नाही. देवीपुढं नुसते हात जोडतो आणि घरी येऊन पोरगी काय म्हणते ते ऐकतो. काल म्हणाली, दुधाचा कंटाळा आलाय, उद्यापासून चहा. म्हशीवाल्याला हे ऐकून घेणं सोपं नाही, पण घेतलं.