चाचणी चालू आहे

ई-मेल आली तेव्हा मी कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ठरवत होते. खरी कोथिंबीर नव्हे, आमच्या खेळातली. शनिवार पेठेत, एका चष्म्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत मी आणि माझा भागीदार एक ऑनलाइन खेळ चालवतो. खेळात एक मंडई आहे. तिथे ज्याने त्याने आपला गाळा मांडायचा, सकाळच्या लिलावात माल उचलायचा आणि दिवसभर तो विकायचा. यात कोणी मरत नाही की बंदुका घेऊन धावत नाही, तरी तो लोकांना आवडला याचं मला अजून नवल वाटतं.

ई-मेल आमच्या डेटाबेसच्या कंपनीची होती. भाषा इतकी गोड की मी ती पुन्हा वरपासून वाचली. आपण आमचं सॉफ्टवेअर कशासाठी वापरता ते सोबतच्या घोषणापत्रात भरून पंधरा दिवसांत सहीनिशी पाठवावं, अशी विनंती. खाली दोन चौकटी. पहिली, फक्त बांधणी आणि चाचणीसाठी. दुसरी, प्रत्यक्ष वापरासाठी. सही माझी लागणार होती, कारण दोन वर्षांपूर्वी नोंदणी मी माझ्या नावावर केली होती. खरं उत्तर दुसऱ्या चौकटीत होतं आणि आमचा परवाना पहिल्या चौकटीपुरता होता.

हे असं कसं झालं ते सांगायला हवं. डेटाबेस म्हणजे खेळाची चोपडी. कोणाकडे किती माल, कोणी काय भावाने घेतला, सगळं त्यात लिहिलं जातं. अगदी सुरुवातीला आम्ही एक फुकटचं, चटपटीत सॉफ्टवेअर घेतलं आणि घरच्या वीस जणांना खेळायला बसवलं. पहिल्याच लिलावात टोमॅटोचा एक क्रेट दोघांना विकला गेला, माझ्या मावसभावाला आणि भागीदाराच्या आत्याला. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं आणि चोपडीने दोघांनाही हो म्हटलं. आत्यांचा फोन आला, "माझे टोमॅटो कुठेत? मी पाहिलेत, माझ्या नावावर होते." त्या नंतर आठवडाभर भागीदाराशी बोलल्या नाहीत.

तेव्हा ठरलं की कडक डेटाबेस हवा, एक क्रेट एकालाच देणारा. भागीदाराला जुन्या नोकरीतलं एक नामांकित सॉफ्टवेअर येत होतं. त्याचा परवाना प्रोसेसरच्या गाभ्यांवर मोजतात, म्हणजे यंत्र जितकं ताकदवान तितकी फी जास्त, आणि ती आमच्या आवाक्याबाहेरची. पण बांधणी आणि चाचणीसाठी तेच सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं. तितकंच कडक आणि पूर्ण फुकट असं दुसरंही होतं, पण ते आम्हा दोघांनाही येत नव्हतं आणि शिकायचा आळस होता. आळसच म्हणते, उगाच वेळेला बोल लावत नाही. तीस पानी करार पडद्यावर आला, मी सरळ तळाशी जाऊन 'मान्य आहे' दाबलं.

मग भागीदाराने पाटी लावली. तो अस्सल पेठेतला. त्याच्या लेखी जगातला कुठलाही प्रश्न पाटीने सुटतो. खेळ उघडला की पहिल्यांदा ती दिसायची: 'चाचणी चालू आहे. गाळ्याची हमी नाही. हुज्जत घालू नये.' विसाचे दोनशे खेळाडू झाले, मग काही हजार, पण पाटी तिथेच राहिली. "पाटी आहे तोवर आपण टेस्टिंगमध्येच आहोत," तो म्हणायचा. सुरुवातीला आम्ही यावर हसायचो. पुढे हसायचं थांबलो आणि पाटीवर विश्वास ठेवायला लागलो.

विश्वास ठेवणारा आणखी एक माणूस होता, माझे बाबा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्यांनी नोकरी काढली, लोकांच्या दस्तांची नोंदणी करण्यात. आई गेल्यावर ते नागपूरहून माझ्याकडे, पुण्याच्या कडेला मांजरी गावात राहायला आले. आमच्या सोसायटीच्या मागे अजून ऊस आहे आणि पुढे नवे टॉवर. त्यांना ना उसात रस ना टॉवरमध्ये. पहिल्या वीस जणांत मी त्यांनाही घेतलं होतं. बाकीचे एकोणीस महिन्याभरात कंटाळले. बाबा मात्र रोज सकाळी बुद्धवंदना झाली, चहा झाला की चष्मा लावून गाळा उघडायचे. चाचणी चालू आहे म्हणजे चुका शोधणं हे आपलं काम, असं त्यांनी धरलं होतं. त्यासाठी त्यांनी एक लांब वही केली, समास आखून. त्यात असं लिहायचे: 'नोंद क्र. ८७. सदर गाळ्यावर वांग्याचा भाव दोन वेळा दिसतो. तपासावे.' दर रविवारी वही माझ्यापुढे ठेवायचे. सोसायटीत कोणी विचारलं की सांगायचे, "पोरगी अजून चाचणीच करून राहिली. पक्कं झाल्याशिवाय ती बाजारात आणत नाही."

हे मी ऐकायचे आणि गप्प बसायचे.

ई-मेल वाचून भागीदाराने चहा मागवला. "पहिली चौकट," तो म्हणाला.

"अरे, पण ते खोटं आहे."

"पाटी आहे ना? स्क्रीनशॉट जोडू. आणि प्रूफ म्हणशील तर तुझ्या बाबांची वही आहे. दोन वर्षांचे टेस्ट रिपोर्ट्स, तारीखवार. असलं डॉक्युमेंटेशन मोठ्या कंपन्यांकडे पण नसतं."

तो वाईट माणूस नाही. घाबरला होता, आणि घाबरला की तो तिरकस बोलतो. मी घाबरले की काहीच बोलत नाही. मी "बघते" म्हटलं. हे 'बघते' मला पुढचे चार दिवस खात होतं. फोन वाजला की दचकायचे. हडपसरच्या सिग्नलला स्कूटरवर उभी असताना मनातल्या मनात उत्तरं लिहायचे आणि खोडायचे. आमच्या घरी बाबा सकाळी पंचशील मोठ्याने म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या चार दिवसांत ते तिसऱ्यावर आले की मी मिक्सर लावायचे. एका सकाळी मिक्सरमध्ये नुसतंच पाणी होतं.

पाचव्या दिवशी मी त्यांच्याकडे वही मागितली. ऑफिसात दाखवायची आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. उलट त्यांचा चेहरा फुलला. "उद्या सकाळी देतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी वही माझ्या डब्याशेजारी ठेवलेली होती. उघडली तर प्रत्येक पानाला क्रमांक दिलेला, प्रत्येक पानाखाली त्यांची पूर्ण सही आणि तारीख, आणि शेवटी एक ओळ: 'वरील सर्व नोंदी मी स्वतः पाहून केल्या असून त्या खऱ्या आहेत.'

"ऑफिसला द्यायची म्हणजे अशीच द्यावी लागते," बाबा म्हणाले. "नाहीतर कोणी मानत नाही."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. चाळीस वर्षं हा माणूस समोरच्याला "वाचलं का? मग करा सही," असं विचारत आला आणि मी त्याला माझ्या खोट्याचा साक्षीदार करायला निघाले होते. ऑफिसात पोचल्यावर मी वही पिशवीतून बाहेर काढलीच नाही. भागीदाराला सांगितलं, "दुसरी चौकट. आणि दहा दिवसांत आपण दुसऱ्या डेटाबेसवर जायचं."

तो म्हणाला, "छान. म्हणजे आता शिकावं लागणार." आणि खरोखर पुस्तक उघडून बसला.

मी कंपनीला खरं ते कळवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, पुन्हा गोड भाषेत. खेळ आम्ही ठरलेल्या तारखेपर्यंत दुसरीकडे हलवावा, त्यांचं सॉफ्टवेअर आणि त्यात बनलेल्या सगळ्या प्रती, बॅकअपसकट, पुसून टाकाव्यात आणि तसं सहीनिशी कळवावं. मग मागचं काही उकरणार नाहीत. यावेळी मी करार पहिल्या ओळीपासून वाचला, दोनदा वाचला.

हलवण्याचा दिवस आला. खेळ आम्ही दुपारी एक ते चार बंद ठेवला. पुण्यात या वेळेला बंद असण्याबद्दल कोणी जाब विचारत नाही, हा भागीदाराचा हिशेब, आणि तो बरोबर निघाला. जुन्या चोपडीतून एकेक गाळा उचलायचा आणि नव्या चोपडीत मांडायचा, हे काम करणारा प्रोग्राम मी लिहिला होता. मला एकच धास्ती होती, कोणाचा गाळा वाटेत पडू नये. म्हणून इकडचे गाळे मोजले, तिकडचे मोजले. आकडा जुळला. पुन्हा मोजले, पुन्हा जुळला. लिलाव लावून पाहिला, एक क्रेट एकालाच गेला. चार वाजता खेळ उघडला आणि भागीदाराने स्वतःच्या हाताने पाटी काढली. दोन दिवस वाट पाहून आम्ही जुनं सगळं पुसलं, बॅकअपसकट, आणि मी सही करून कळवलं. कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवले. ते दोन दिवस बाबा एका लग्नाला नागपूरला गेले होते आणि लग्नात फोन उघडायचा नाही हा त्यांचा नियम.

ते परतले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पोळ्या लाटत होते. मी परत दिलेली वही बाबांनी माझ्यापुढे धरली. रविवार नव्हता. 'नोंद क्र. ४१२. माझा गाळा दिसत नाही. तपासावे.'

मी लाटणं ठेवलं आणि मला लख्ख आठवलं. पहिल्या वीस खात्यांवर मी तेव्हा खूण केली होती: चाचणी. आणि हलवताना कचरा नको म्हणून प्रोग्राममध्ये एक ओळ लिहिली होती, चाचणीची खाती सोडून बाकी सगळी उचल. मोजतानाही दोन्हीकडे तीच ओळ वापरली होती. आकडा जुळणारच होता. हजारो लोकांचे गाळे नीट पोचले आणि ज्याने पाटी खरी मानली त्या एकट्याचा गाळा मी माझ्या हाताने पुसला. जुनी प्रत कुठेही उरली नव्हती, कारण उरली नाही असं मी सही करून दिलं होतं आणि ते खरं होतं.

मी सगळं सांगितलं. पाटीचं, चौकटींचं, वही कशासाठी मागितली होती तेही. उभ्या उभ्याच सांगितलं. तव्यावरची पोळी करपली.

बाबांनी गॅस बंद केला.

"बाबा, वहीत तुम्ही रोजचा माल लिहिलाय," मी म्हणाले. "त्यावरून मी तुमचा गाळा पुन्हा भरते. तासाभराचं काम आहे."

"हातानं?"

"हो."

"दुसरं कोणी आलं असं वही घेऊन, तर त्याचा भरशील का?"

मी करपलेली पोळी तव्यावरून उतरवली.

"मग माझा काऊन भरून राहिली?" त्यांनी वही मिटली. "नवीन खातं काढून दे. आणि त्याला ते चाचणी-बिचणी लावू नको."

मी नवीन खातं उघडून फोन त्यांच्या हातात दिला. शेवटी खेळाच्या अटी आल्या, भागीदाराने कधीकाळी लिहिलेल्या. खाली 'मान्य आहे'चं बटण. बाबांनी चष्मा पुसला, खुर्ची उजेडात ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. हजारो खेळाडूंपैकी कोणी त्या वाचल्या असतील असं मला वाटत नाही. मी स्वतः वाचल्या नव्हत्या. ऑफिसला उशीर होत होता, तरी मी ओट्याला टेकून उभी राहिले. त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं. अकराव्या अटीवर थांबलं.

"'गाळ्याची हमी नाही,'" त्यांनी वाचलं. "हे पाटीतलं दिसते. काढायचं राहिलं का?"

राहिलं होतं. पण राहिलं म्हणणं सोपं होतं, काढणं नव्हतं. कोणाचा गाळा पडणार नाही असं हलवण्याच्या दिवशी मी दोनदा मोजून ठरवलं होतं, आणि तरी एक पडला होता.

"बोल ना. हमी आहे का नाही?"

"आहे," मी म्हणाले. "आज काढते ती ओळ."

"काढ मग," बाबा म्हणाले. "मी थांबतो." त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली.