परीक्षेची केस

विद्यार्थी मॅडमना पाठीमागे भिंगरी म्हणत. त्यांचं तरी काय चुकलं? सकाळी छातीच्या वॉर्डात, दुपारी वर्गात, त्यानंतर कॉलेजच्या अधिष्ठाता म्हणून सह्यांचा डोंगर. बाई एका जागी टेकतील तर शपथ!

आज तर पायाला चाकंच लागली होती. उद्या परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार, आणि त्यांचं मत बिघडलं तर विभागातल्या विद्यार्थ्यांच्या जागा कमी होणार. त्यासाठी मॅडमनी एक 'केस' राखून ठेवली होती: कोपऱ्यातल्या खाटेवरचा गवंडी. उजव्या फुप्फुसाभोवती पाणी साचलेलं. पाठीवर टिचकी मारली की भरलेल्या पिंपासारखा बद्द आवाज. परीक्षेत मुलांना तपासायला याहून झकास छाती कुठली मिळणार? परवा तो आला तेव्हा धाप बेताची होती. "पाणी परीक्षेनंतर काढू," असं मॅडमनी सांगून टाकलं. असं सगळेच करतात.

पण दुपारपासून त्यांचं कशात लक्ष लागेना. फाईल उघडली, मिटली. फोनवर कुणाला तरी उगाच झापलं. शेवटी उठल्या आणि तरातरा वॉर्डात गेल्या.

गवंडी पाय खाली सोडून बसला होता, उशी पोटाशी घट्ट धरून. आडवं झालं की जीव गुदमरायचा. शेजारी बायको त्याची पाठ चोळत होती.

"काका, कसं वाटतंय?"

"बरं... आहे की," तो मध्येच थांबत म्हणाला. "उद्यापर्यंत... काढतो कसंतरी. मुलांची... परीक्षा आहे ना."

मॅडमना गलबलून आलं. चुलीत जावो ते मत आणि त्या जागा! "सुईचा ट्रे आणा, आत्ता!" त्या नर्सवर ओरडल्या.

"मॅडम, मग उद्या दाखवायचं काय?" सहायक डॉक्टर चाचरला.

"माझं डोकं दाखवा!"

जागा बधिर करून त्यांनी स्वतः सुई घातली. पिवळं पाणी नळीतून बाटलीत उतरू लागलं, तसा गवंड्याला बोलायला दम पुरू लागला. पण चेहरा मात्र हिरमुसला.

"म्हणजे मी नापास झालो का हो, बाई?"

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नापास मी झाले, काका. हे परवाच काढायला हवं होतं."

"असू द्या हो. एवढं मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. सुई अजून त्याच्या पाठीत होती.