ओद्नीने न विचारलेला प्रश्न

आइसलंडच्या उत्तरेकडच्या त्या गावात ओद्नीच्या डोळ्यांदेखत कोणी अंघोळ चुकवून तलावात उतरलं असेल, तर शपथ! सव्वीस वर्षं ती पोहण्याच्या तलावावर बायकांच्या न्हाणीघराची राखण करत होती. नियम एकच: पोहायचा पोशाख काढा, साबण लावून धुवा, मग तो पुन्हा चढवून पाण्यात. परक्या बायका लाजल्या की ती म्हणायची, "तुझ्याकडे आहे तेच सगळ्यांकडे आहे, बाई. घे साबण."

शाळेच्या पोहण्याच्या तासाच्या मुलींत चौदा वर्षांची स्वाला होती. महिनाभर तिच्या चिठ्ठ्याच आल्या, आज पोट दुखतंय, उद्या डोकं. मग एकदा आली, तीही अंगावरच्या पोशाखानिशी शॉवरखाली उभी राहिली. ओद्नीचं डोकं फिरलं.

"महाराणीला वेगळा नियम आहे का?"

मुली फिदीफिदी हसल्या. स्वालाने पोशाख उतरवला आणि हसणं थांबलं. तिच्या मांडीवर स्वतःच्याच हाताने करून घेतलेल्या जखमांचे व्रण होते. ओद्नीला ते कळलं. न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. पण बाईने केलं काय, तर तोंड फिरवलं, टॉवेल पुढे केला आणि म्हणाली, "आटप लवकर."

घरी येऊन तिने स्वतःलाच थाप मारली, मांजराने ओरबाडलं असेल म्हणून. थाप काही पचली नाही. स्वाला यायची बंद झाली. ताटातला मासा गार व्हायचा आणि ओद्नी आपल्याच तोंडाला शिव्या घालत बसायची. दोनदा स्वालाच्या दारापर्यंत जाऊन परत आली. लाज वाटत होती, दुसरं काय!

तिसऱ्या आठवड्यात शाळा सुटल्यावर स्वाला तिला बसथांब्यावर दिसली. ओद्नी शेजारी जाऊन बसली.

"त्या दिवशी चुकलं माझं. सगळ्यांसमोर तुला पोशाख काढायला लावला."

"त्याचं जाऊ दे," स्वाला बुटांकडे बघत म्हणाली. "तू बघितलंस ना, तेव्हा मला वाटलं, सुटले. आता ही तरी काहीतरी विचारेल."

ओद्नीच्या मनात आलं, सव्वीस वर्षं पोरींच्या टाचा घासल्यात की नाही ते बघितलं, आणि हे बघूनही गप्प बसले.

"आता विचारते," ती कशीबशी म्हणाली. "फार दुखतंय का गं आत?"

बस आली आणि गेली. स्वाला उठली नाही.

"शाळेतल्या नर्सकडे एकटीने जायला भीती वाटते," ती म्हणाली.

"चार वाजेपर्यंत असते ती," ओद्नी म्हणाली, आणि तिने स्वालाचं दप्तर आपल्या खांद्याला लावलं.