इतिवृत्तातलं ‘अय्यो’

बेंगळुरूत इंग्रजी बोलणारे पुष्कळ आहेत, चांगलं बोलणारेही थोडेथोडके नाहीत. पण ‘ओह’नंतर स्वल्पविराम द्यायचा की उद्गारचिन्ह, या प्रश्नावर ज्यांची भूक मरते असे गृहस्थ अख्ख्या शहरात एकच असावेत, ते म्हणजे बसवनगुडीतल्या आमच्या इमारतीत माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये राहणारे काका. सरकारी कचेरीत ते आयुष्यभर लघुलेखक होते. साहेबांचं वाक्य उतरवायचं, पण वाक्याआधी साहेब जे ‘हं’ किंवा ‘छे’ करायचे ते कागदावर यायचं नाही, ही त्यांची जुनी खंत. निवृत्त झाल्यावर त्यांनी इंग्रजी व्याकरणातली बाकीची सगळी प्रकरणं दुसऱ्यांना देऊन टाकली आणि एकच जवळ ठेवलं. शाळेत आपण ‘केवलप्रयोगी अव्यय’ म्हणून दोन मार्कांसाठी घोकतो ना, ते.

माझी आणि त्यांची ओळख जिन्यात झाली. पुण्याहून बदली होऊन आले त्याच आठवड्यात मी शेवटच्या तीन पायऱ्या बसूनच उतरले आणि तोंडातून निघालं, “आउच!” दार उघडून काका बाहेर आले. हात द्यायच्या आधी त्यांनी मला नीट न्याहाळलं. “आउच म्हणालात ना? मग काही झालेलं नाही. सुई टोचली, चिमटा बसला, तर आउच. हाड मोडल्यावर माणसाला आउच सुचत नाही, अक्का. उठा.” मी त्यांच्या मुलीपेक्षाही लहान, तरी पहिल्या दिवसापासून त्यांची अक्का झाले. त्यांच्या मराठी घराण्याला कन्नड मुलखात इतक्या पिढ्या झाल्यात, की मोजणं केव्हाच सोडून दिलंय. हाड खरंच मोडलं नव्हतं. आत नेऊन त्यांनी कॉफी दिली. पहिल्या घोटाला मी “वाव!” म्हटलं, तर त्यांचा चेहरा उतरला. “कॉफीलाच वाव खर्च केलात, तर उद्या हिमालय बघून काय म्हणणार?”

त्यांचे नियम पुष्कळ. ‘हुर्रे’ एकट्याने म्हणू नये, ते चारचौघांचं काम. ‘ब्राव्हो’ स्वतःला म्हणू नये. विरामचिन्हांचा नियम तर त्यांनी थोड्याला ‘स्वल्प’ म्हणणाऱ्या बेंगळुरूच्या मातीतच बसवला होता: “स्वल्प वाटलं तर स्वल्पविराम, जास्त वाटलं तर उद्गारचिन्ह. सरी?” सरी, म्हणजे बरं, म्हणण्यावाचून सुटका नसे.

या ज्ञानाचा सार्वजनिक उपयोग म्हणजे आमच्या असोसिएशनची मिनिट्स. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी गच्चीवर बैठक होई, आणि काका इंग्रजीत इतिवृत्त लिहीत. त्यात ठराव कमी आणि उद्गार जास्त. “ओह, पुन्हा टँकर?” असं दुसऱ्या मजल्याच्या नावावर स्वल्पविरामासकट नोंदलेलं असे. आपल्याला उद्गारचिन्ह मिळालं की नाही, हे लोक वही उघडून बघायचे. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या पद्माक्कांनी वाचलं, “अलास! लिफ्ट बंद पडली आहे.” त्या चिडल्या. “मी कुठं अलास म्हणाले? मी अय्यो म्हणाले!” काकांनी चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी जुन्या सगळ्या वह्या काढून त्यातलं प्रत्येक ‘अलास’ खोडलं आणि वर ‘अय्यो’ लिहिलं. मला म्हणाले, “दुःख, नवल, कीव आणि बंद लिफ्ट, सगळ्याला पुरेल असा एक शब्द इंग्रजीत नाही, अक्का. तेवढा मालच नाही त्यांच्याकडे.”

मग नवा सेक्रेटरी आला. निपाणीकडचा, एचएसआर लेआउटमधल्या एका स्टार्टअपमध्ये नोकरीला, मुलगा गुणी. त्याच्या फोनवर असं अ‍ॅप होतं, की बैठक संपायच्या आत मिनिट्स तयार. स्वच्छ, इस्त्री केल्यासारखी. “हे ‘आ’, ‘ऊ’, ‘हं’ सगळं आपोआप गाळतंय, काका. तुम्हीच म्हणता ना, काढलं तरी वाक्याला काय होत नाही म्हणून?”

“वाक्याला होत नाही,” काका म्हणाले, आणि वही मिटली.

नंतरचे तीन महिने ते बैठकीला येत, हात मांडीवर ठेवून बसत. इतका गप्प माणूस बघून मलाच चुकल्यासारखं व्हायचं. चौथ्या बैठकीत गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विषय निघाला. जागा ठरली ती नेमकी पद्माक्कांच्या कुंड्यांची. सेक्रेटरीने विचारलं, “पद्माक्का, तुमची हरकत नाही ना?”

“हं... सरी,” पद्माक्का म्हणाल्या. अ‍ॅपने लिहिलं, हरकत नाही.

काका उभे राहिले. “सरीच्या आधी एक हं होतं. लांब होतं. ते लिहा.”

“काका, त्या हो म्हणाल्यात की.”

“हो तोंडाने म्हणाल्या. हं त्यांचं होतं.”

सगळे पद्माक्कांकडे बघायला लागले, तेव्हा त्यांनी पदराने चष्मा पुसला. त्या कुंड्यांतले अकरा गुलाब त्यांच्या यजमानांनी लावलेले होते, आणि यजमान जाऊन वर्ष व्हायचं होतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. पॅनेल टाकीच्या पलीकडे गेले. सेक्रेटरी त्याच संध्याकाळी काकांच्या दारात वही घेऊन उभा होता. “अ‍ॅप वाक्यं लिहू दे, काका. बाकीचं तुम्ही लिवा.”

याला दोन वर्षं झाली. आता काकांना कमी ऐकू येतं. ठराव ऐकू येतात, भांडणं तर चांगलीच ऐकू येतात. बारीक आवाज तेवढे निसटतात. मशीन लावून घ्या म्हटलं की “सरी, सरी” म्हणतात आणि लावत नाहीत. बैठकीनंतर ते माझ्याकडे येतात. वहीत प्रत्येक वाक्याच्या आधी थोडी जागा कोरी सोडलेली असते. “इथं कोण काय म्हणालं, सांगा,” म्हणून पेन उघडून बसतात. मी आठवून सांगते, ते लिहितात, मग चिन्हावर आमचा थोडा वाद होतो.

गेल्या रविवारी एका जागेपाशी मी अडले. कितीही आठवलं तरी तिथे कुणी काही म्हटलेलं आठवेना. तसं सांगितलं, तर काकांनी पेन मिटलं. “असू दे कोरी,” ते हळूच म्हणाले. “कुणीतरी काहीतरी म्हणालं असणार.”