न घेतलेली बंदूक

सासरे गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांनी माझं फार कौतुक केलं. नणंदेच्या सासूबाई तर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं केलंन हिनं. म्हाताऱ्याच्या एका बंदुकीपायी वर्षभर वाचीत बसली." मी चहाचे कप गोळा करून आत गेले आणि बराच वेळ आतच थांबले. त्या बंदुकीबद्दल मला काही लिहून ठेवायचं आहे. घरात ते नीट सांगायला जमलेलं नाही.

आमचं घर पनवेलजवळ सुकापूरला आहे. जिथं इमारत उभी आहे तिथं पूर्वी घरचीच भातखाचरं होती. पळस्प्याच्या पुढे डोंगराच्या बाजूला वालाचा एक लहानसा तुकडा मात्र सासऱ्यांनी विकू दिला नाही. त्याच जमिनीच्या नावावर त्यांच्याकडे पीकरक्षणाचा परवाना होता आणि त्या परवान्यावर त्यांच्या वडिलांपासून आलेली एकनळी बंदूक होती. पाखरं मारण्यावर बंदी यायच्या आधी, तरुणपणी, ते बापाबरोबर माळावर तितरांच्या आणि लाव्यांच्या शिकारीला जात. थंडीत शेतावर पोपटी लागली की जाळात ठेवलेल्या त्या मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर तितर असायचा. आता आम्ही कोंबडी घालतो. "कोंबडीला उडता येत नाय, मंग खानाऱ्याला काय चव येनार," असं ते दर वर्षी म्हणायचे आणि दोनदा वाढून घ्यायचे.

पुढे त्या एकनळीची नळी आतून गंजली. तपासणाऱ्यानं सांगितलं, आता हिच्यातून बार काढू नका, हातात फुटेल. त्यांनी ती मुंबईच्या एका दुकानात रीतसर जमा केली आणि तिच्या जागी दुसरी घेण्याची परवानगी मागितली. कचेरीतला कारकून हसला होता म्हणे. "बाबा, पीक कुठं राहिलंय आता? बिल्डरपासून रक्षण करणार काय?" सासऱ्यांनी उत्तर दिलं, "त्याला छर्रे पुरायचे नाय." परवानगी मिळाली. वर्षभराच्या आत खरेदी करावी असा शिक्का त्यावर होता.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांचा एक जुना मित्र नेमबाजीच्या मैदानावर जायचा. तिथं यंत्रातून मातीच्या चकत्या हवेत उडवतात आणि त्या उडत असताना फोडायच्या असतात. मित्रानं बोलावलं होतं.

"पाखरू नाय तं नाय. उडती वस्तू एकदा परत पाडायची हाय मना," ते म्हणाले. "डोला हाय तवर. एका डोल्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं कंदी येल काय माहीत. आनि खांदा आता धक्का सोसत नाय. ती आपोआप भरनारी येते ना, तिचा धक्का कमी, असं ऐकलंय. पन ती इंग्रजीतली गोष्ट. तू एवढी पुस्तकं वाचतंस, तूच निवड. खिशाला परवडंल अशी."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लग्न होऊन सोळा वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती.

मला घरात बंदूक नको होती. जुनी होती तेव्हाही कपाटाच्या त्या खणाकडे मी बघत नसे. मुलगी शाळेतून एकटी घरी येते. रोज बातम्या वाचते मी. पण आमच्याकडे सून सासऱ्यांना तोंडावर नाही म्हणत नाही. तशी सक्ती कुणी केलेली नाही, सासूबाईही त्यांना नाही म्हणत नाहीत, म्हणून मीही म्हटलं नाही. "बघते बाबा," एवढंच म्हटलं.

आणि खरंच बघितलं. संध्याकाळी मी कॉलेजातून आले की ते गॅलरीत दोन खुर्च्या मांडून बसलेले असत. मी लॅपटॉप घेऊन जायची. आपोआप भरणाऱ्या बंदुका मुख्यतः दोन जातीच्या असतात. एकीत सुटलेल्या बाराचाच थोडा वायू वापरून पुढचं काडतूस आत येतं. ती वजनाला जड असते, सारखी साफ करावी लागते, पण खांद्याला धक्का मऊ बसतो. दुसरी धक्क्याच्याच जोरावर चालते. ती हलकी आणि साधी, पण मार जास्त. विदेशी बंदुका आमच्या आवाक्याबाहेर होत्या. स्वस्तातल्या काही हलकं काडतूस घातलं की अडकतात, रिकामं टरफल बाहेर फेकत नाहीत. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता लांब असेल तर आखूड हाताच्या माणसाचा नेम वर जातो. हे मी त्यांना मराठीत समजावून सांगायची आणि ते मला शिकवायचे, की पाखरू जिथं आहे तिथं नेम धरायचा नसतो, ते जिथं जाणार तिथं धरायचा. तितर पायाजवळून फर्रकन उठतो तेव्हा माणूस आधी दचकतो. दचकून झाल्यावर मग खांद्याला लावायची, घाई करायची नाही. हे सांगताना ते खुर्चीतून उठून उभे राहायचे.

पहिल्या दिवाळीच्या आधीच माझी निवड झाली होती. देशी बनावटीची, वायूवर चालणारी, हलकी काडतुसंही चालवणारी, दस्ता थोडा कापून घेता येईल अशी. किंमत त्यांनी सांगितलेल्या आकड्याच्या आत. एवढ्या पैशात याहून चांगली मिळणार नव्हती. मला ते पक्कं कळलं होतं आणि मी त्यांना सांगितलं नाही.

मी म्हटलं, हिच्याबद्दल एक तक्रार वाचली. मग म्हटलं, नवीन येणार आहे असं ऐकलंय, थांबू. मग आचारसंहिता लागली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मी म्हटलं, आज घेतली तर उद्या जमाच करायची, मग कशाला घाई? ते म्हणाले, "खरं हाय." माझ्या प्रत्येक सबबीला ते खरं हाय म्हणाले.

सुरुवातीला ही टाळाटाळ भीतीपोटी होती. ती नंतर कधी बदलली ते मला दाखवता येणार नाही. संध्याकाळच्या त्या गप्पा मला आवडायला लागल्या होत्या. माझे वडील मी लहान असताना गेले. वाचलेलं कुणाला तरी सांगावं आणि त्यानं मान हलवत ऐकावं, हे मला कधी मिळालं नव्हतं. नवराही ऐकतो, पण मोबाईल बघत. बंदूक आली असती तर ते मित्राबरोबर मैदानावर गेले असते, आणि गॅलरीत दुसरी खुर्ची मांडायचं काही कारण उरलं नसतं. भीतीचं मी कुणालाही सांगू शकते. हे नाही.

वर्ष संपलं. मुदतवाढीचा अर्ज मीच लिहिला. त्यात एक ओळ भरायची होती, मुदतीत खरेदी न करण्याचं कारण. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "योग्य शस्त्र उपलब्ध न झाल्यामुळे." त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि खाली सही केली. "झ्याक लिवलंस," म्हणाले.

वाढीव मुदतीतला तिसरा महिना चालू होता. सकाळी वालाच्या तुकड्यावरून परत येताना रिक्षातच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षावाल्यानं सरळ दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा ते गेलेले होते.

महिन्याभरानं मी नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हणजे निम्मं. निवड झाली होती आणि मी लपवली, एवढं. तो म्हणाला, "बरंच केलंस की. मलाही नकोच होती घरात. मी बोललो नाही, कारण तू सांभाळत होतीस." त्याला मला धीर द्यायचा होता. मला वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

परवाना परत करायचा तर जुन्या एकनळीचा कागद दुकानातून आणावा लागणार होता. नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून मी गेले. दुकानदार माझ्याच वयाचा असेल. त्यानं मृत्यूचा दाखला बघितला, नाव बघितलं, आणि खुर्ची पुढे केली.

"पनवेलचे बाबा? अरेरे. यायचे ना ते इथं."

"बंदूक जमा करायला आले होते," मी म्हटलं.

"नंतरही दोन-तीनदा आले. एकटेच, एसटीनं. काउंटरवर काढायला लावायचे, खांद्याला लावून बघायचे. एक तर अशी बसायची त्यांना, मी म्हटलं बाबा, दस्ता एवढासा कापला की तुमचीच. परवानगी खिशात, पैसे तयार. घेऊन जा ना! तर नाही. म्हणाले, आमची सूनबाय वाचतेय. ती सांगल तवा." तो हसला. "मी चिडवायचो त्यांना. म्हटलं, बाबा, बंदूक तुमची का सुनेची? तर म्हणाले, तिचं वाचून होऊ दे. मधेच उठवली तर तिला वाईट वाटंल."

त्यांना निदान शंका तरी आली असेल, असं मी इतके दिवस मनाशी धरून होते. शंका आली असती तर चाललं असतं. ते चिडून, मला न विचारता जाऊन घेऊन आले असते.

दुकानदारानं कागदावर शिक्का मारला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "म्हणजे तुम्हीच त्या सूनबाई. मग ठरली होती का शेवटी? कुठली?"

त्याच्यामागच्या काचेच्या कपाटात पाच-सहा बंदुका उभ्या होत्या. त्या सगळ्या मी फोटोत पाहिलेल्या होत्या. डावीकडून दुसऱ्या बंदुकीकडे मी बोट दाखवलं.

"तीच तर!" तो म्हणाला. "तीच लावून बघायचे ते. कधी ठरवलीत?"

"दिवाळीच्या आधी," मी म्हटलं.

"या दिवाळीच्या?"

"नाही. गेल्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं नजर काढून घेतली आणि कागदाची घडी घालून माझ्यापुढे ठेवली. मी ती पर्समध्ये टाकली आणि निघाले.