दुसरा निरोप

मुलांनो, ज्या गायिकेची गाणी तुम्ही तिकडे शहरात कानात घालून फिरता, तिची आई माझ्या शेजारी राहते. जिवंत आहे. हे आधीच सांगते, कारण तुमच्या फोनवर वेगळं लिहिलेलं आहे.

ती मुलगी माझी विद्यार्थिनी. नववीत तिने स्वतःचे केस कात्रीने कापले आणि शाळेची प्रार्थना स्वतःच्या चालीवर म्हटली. मी वर्गाबाहेर उभं केलं, तर बाहेरही गातच राहिली. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी ती मुंबईला निघाली, त्याच्या आदल्या दुपारी तिची आई अंगणात धान वाळवत होती. एक कावळा तिच्या डोक्यावर बसला आणि उडाला. मुलगी ओसरीत बॅग भरत होती, मी कुंपणाशी होते. तिघींनी पाहिलं.

कावळा असा शिवला की मरण मागे लागतं, असं इथे मानतात. त्यावर उपायही ठरलेला. नातेवाइकांना निरोप धाडायचा की ती बाई मेली. ते खरोखर रडले की मरणाला वाटतं, आपलं काम झालं. मग दुसरा निरोप धाडायचा, जिवंत आहे म्हणून. पहिला ज्याने धाडला, दुसराही त्यानेच. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली मी असल्या गोष्टींना हसत आले. त्या दिवशीही हसले.

तिसऱ्या फेरीत परीक्षकांनी मुलीला साडी नेसून जुनं सिनेगीत म्हणायला सांगितलं. ती फाटक्या जीन्समध्ये आली आणि धानाच्या रोवणीचं गाणं गिटारवर, जवळजवळ ओरडून म्हणाली. सगळं सभागृह उभं राहिलं. कुठे शिकलीस, असं विचारल्यावर ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "माँ से. माँ अब नहीं है." मागच्या पडद्यावर आईचा फोटो आला, हार घातलेला.

तिची आई आणि मी माझ्याच घरी बघत होतो. मला तिच्याकडे बघवेना. ती मात्र हसली.

"पाहा बाई, पोरगी विसरली नाही. साऱ्या देशाले रडवलं माझ्यासाठी."

दुसऱ्या सकाळी सौंदडहून तिची नणंद आली, गल्लीच्या तोंडापासून गळा काढत. दार हिनेच उघडलं, हाताला पीठ लागलेलं. नणंद किंचाळली.

"भूत नाही व माय, मीच आहो. बस, चहा ठेवतो."

"मंग मेली कोण?"

"कोणीच नाही. कावळा शिवला होता मले. पोरीनं उपाय केला."

"मंग आमाले फोन तं करायचा! एसटीत साऱ्यायसमोर रडत आली मी, कंडक्टरनं पाणी पाजलं!"

दोघी पोट धरून हसल्या. पण निघताना नणंदेने तिच्या दंडाला दोनदा हात लावून पाहिला.

मग आम्ही दुसऱ्या निरोपाची वाट बघू लागलो. एकही भाग चुकवला नाही. मुलगी परीक्षकांशी भांडली, दिलेल्या गाण्याचा कागद तिने स्टेजवरच फाडला, आणि लोक तिच्यावर आणखीच खूश झाले. ती जिंकली. पहिला अल्बम आला, दुसरा आला. प्रत्येक वेळी तोच हार घातलेला फोटो.

गावातली लहान पोरं हिला बघून रस्ता बदलू लागली. रेशनच्या दुकानात मशीन तिचा अंगठा घेईना. माझाही घेत नाही, म्हाताऱ्यांचं तसं होतंच. पण तिने हात पदरात लपवला आणि रांगेतून निघून आली. पुढे पुढे तिची पावलं मला ऐकू येईनाशी झाली. कपडे वाळत घालताना मागे वळावं, तर ती उभी.

एकदा म्हणाली, "बाई, तिले फोन लावा. तुमचं ऐकते पोरगी. म्हणा, लवकर सांग, मी जित्ती आहो म्हणून."

मी स्पीकरवर लावला आणि तिचा निरोप जसाच्या तसा सांगितला.

"मॅडम, आता सांगितलं तं सारं संपून जाईन. लोकं खोटारडी म्हणतीन मले."

"तू तर कोणाला भीत नाहीस."

मग अगदी लहानपणीच्या आवाजात तिने विचारलं, "आई आहे का तिथं?"

आई माझ्यासमोर बसली होती. तिने माझ्याकडे बघून सावकाश मान हलवली, नाही म्हणून.

"नाही," मी म्हणाले.

गेल्या महिन्यात नागपूरहून कॉलेजातल्या तीन मुली फुलं घेऊन आल्या. त्यांना त्या आईचं घर बघायचं होतं. तिने दार पूर्ण उघडलं.

"या. मी तिची मावशी."

चुलीजवळची एक जागा दाखवून म्हणाली, "इथं बसे." मुलींनी तिथे फुलं ठेवली. त्यांच्याबरोबर तिनेही हात जोडले. वहीतली एक चूक मी कधी कोणाची सोडली नाही, पण त्या दिवशी दारात उभी राहून गप्प बसले.

"कशा होत्या हो त्या?" एका मुलीने विचारलं.

तिने कलंडलेलं एक फूल सरळ केलं.

"पोरीवर लय जीव होता तिचा," ती म्हणाली. "बाकीचं आता मले आठवत नाही."