पिवळ्या बावट्याखालची फेरी

"मॅडम, आमचा फिटर धड जेवत नाही. संध्याकाळी गुपचूप बाहेर येऊन कठड्याशी उभा राहतो. मला त्याची धास्ती वाटते," कॅप्टन मेनन म्हणाले. मी दोरीच्या शिडीवरून नुकतीच जहाजावर चढले होते. दम खात उभी होते.

१९९४ साल. पश्चिमेकडे प्लेगची साथ आली होती आणि मी मद्रास बंदराची आरोग्य अधिकारी होते. आलेलं जहाज पिवळा बावटा लावून समुद्रातच नांगर टाकतं. बंदराचा डॉक्टर तपासून आत यायची परवानगी देतो. तिला 'प्रॅटिक' म्हणतात. ती मिळेपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही.

हे मालवाहू जहाज पश्चिम किनाऱ्यावरून आलं होतं. त्यावरच्या एका ऑइलरला, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणाऱ्याला, ताप होता. त्याला वेगळं ठेवून रक्त लॅबला पाठवलं होतं. बाकीच्यांना टेट्रासायक्लिन सुरू होतं. शिवाय कंपनीच्या किनाऱ्यावरच्या एजंटाचा हुकूम होता, की सगळ्यांनी आपापल्या केबिनमध्ये बसायचं.

फिटर सुर्वे गुहागरकडचे. ऑइलर त्यांच्याच केबिनमध्ये झोपायचा. आता आपली पाळी, हे सुर्व्यांनी मनाशी धरलं होतं. दिवसभर काखा चाचपत बसायचे, गाठ आली का बघायला.

"जेवलांत की नाहीं?" मी विचारलं. आमची तंजावरची मराठी, तिला तमिळ हेल.

त्यांनी मान वर केली. "बाई, तुम्ही जुन्या कीर्तनकारासारखं बोलता."

"घरात असंच बोलतात. चला, डेकवर जरा चालू या."

"चालून जायचं कुठं? फिरून परत इथंच."

मी केबिनचं दार उघडून धरलं. मग म्हटलं, "मी इतक्या जहाजांवर चढते, पण कधी केबिनपलीकडे काही पाहिलं नाही. तुमचं जहाज दाखवा तरी."

ते नाइलाजाने उठले. माल उचलायच्या विंचपाशी थांबून तिच्या खोडी सांगू लागले. पुढच्या टोकापर्यंत गेलो तेव्हा तेच बोलत होते, मी नुसती ऐकत होते.

मी कॅप्टनना सांगितलं, "सगळ्यांना सकाळ-संध्याकाळ वर आणा. तोंडाला रुमाल, मधे अंतर. हा आजार खोकल्यातून पसरतो. कोंदट केबिनपेक्षा मोकळा वारा बरा."

"आणि एजंटाला काय सांगू?"

"डॉक्टरचा हुकूम म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी सुर्वे पुन्हा अंथरुणात. डोकं दुखतंय म्हणाले. थर्मामीटर लावला, ताप नव्हता. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला, खिडकीशी नेऊन पुन्हा वाचला. मग उठून चपला घातल्या.

त्या संध्याकाळी डेकवर त्यांनी सूर्यनमस्कार घातले. गावच्या तालमीत शिकलेले. एक खलाशी नक्कल करू लागला, तर सुर्वे त्याच्यावर खेकसले, "गुडघे वाकवू नकोस." हळूहळू सगळ्यांची रांग लागली. स्वयंपाकी वाकताना घामाघूम व्हायचा, पण चुकवायचा नाही. भांडणं थांबली. जेवणाची ताटं रिकामी होऊन परत येऊ लागली. सुर्व्यांना आता झोप लागते, हे मला कॅप्टनकडूनच कळलं.

एजंटाची तक्रार मात्र वर गेली. साहेबांनी बोलावून घेतलं.

"जहाजावर व्यायामशाळा काढलीत म्हणे. कुठल्या नियमात बसतं हे?"

"कुठल्या नियमात मनाई आहे, सर?"

त्यांनी खरंच नियमांचं पुस्तक काढलं. बराच वेळ चाळलं. मग म्हणाले, "कॉफी घ्या."

लॅबचा रिपोर्ट आला, ऑइलरचा ताप मलेरियाचा निघाला. देखरेखीची मुदतही बाकी कुणाला ताप न येता सरली आणि मी परवानगीवर सही केली. बावटा उतरला. निघताना सुर्वे म्हणाले, "बाई, आता गुहागरला गेलो की बायकोला पण घालायला लावतो नमस्कार."

"आधी तिला विचारा," मी म्हटलं. ते मनापासून हसले.

पुढे अडकून पडलेल्या प्रत्येक जहाजाला मी दोन गोष्टी लिहून देत असे, गोळ्या आणि डेकवरची फेरी. गोळ्यांनी मळमळतं अशा तक्रारी पुष्कळ आल्या. फेरीबद्दल एकच आली, आणि तीही किनाऱ्यावर बसलेल्या माणसाची.